उन्हाळी अभ्यासवर्ग: सहावी ते दहावीच्या मुलांसाठी शाळेने तो कसा आखावा आणि कसा चालवावा

राज्य मंडळाच्या शाळांमध्ये एप्रिलअखेर वार्षिक परीक्षा संपतात, महाराष्ट्र दिनाच्या सुमारास निकाल हाती येतो आणि जूनच्या मध्यावर, विदर्भात त्यानंतर आठ-पंधरा दिवसांनी, नवे वर्ष सुरू होते. मधल्या सहा आठवड्यांत मुलांसाठी दोन गोष्टी सहज उपलब्ध असतात. एक म्हणजे चित्रकला, पोहणे, नाट्य वगैरेंचे छंदवर्ग, आणि दुसरी म्हणजे नववी संपताच दहावीचे पुस्तक उघडणाऱ्या क्लासच्या व्हेकेशन बॅचेस. प्रस्तुत लेख या दोन्हींविषयी नाही. शाळेने स्वतःच्या इमारतीत, स्वतःच्या मुलांसाठी, शालेय विषयांचाच पण नेहमीपेक्षा वेगळ्या पद्धतीने चालवलेला अभ्यासवर्ग कसा उभा करावा, याची पायरीपायरीने मांडणी येथे केली आहे. मुख्याध्यापक, विषयशिक्षक आणि शाळेच्या कामात हातभार लावू इच्छिणारे पालक व माजी विद्यार्थी यांना ती उपयोगी पडावी.

सुरुवातीलाच एक भूमिका स्पष्ट केलेली बरी. उन्हाळी वर्गाचा सर्वोत्तम उपयोग मागे राहून गेलेले दुरुस्त करण्यासाठी होतो. पुढचा अभ्यासक्रम उरकण्यासाठी होत नाही. दहावीच्या बीजगणितातील वर्गसमीकरणे मे महिन्यात घाईने शिकवून टाकली, तरी ज्या मुलाला आठवीतील बैजिक राशींचे अवयव जमत नाहीत, त्याला ती ऑगस्टमध्ये पुन्हा पहिल्यापासूनच शिकवावी लागतात. याउलट अवयव आणि त्यामागची पूर्णांकांची चिन्हे मे महिन्यात पक्की झाली, तर वर्गसमीकरणांचे प्रकरण वर्गात इतरांबरोबरच पार पडते. पुढील सर्व पायऱ्या या भूमिकेवर आधारलेल्या आहेत.

पहिली पायरी: हेतू एकच ठरवा

हा निर्णय फेब्रुवारीत, फार तर मार्चच्या पहिल्या आठवड्यात व्हायला हवा; वार्षिक परीक्षेची धामधूम सुरू झाली की शाळेत कोणालाही दुसरे काही सुचत नाही. अभ्यासवर्गाचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात. पहिला पायाभूत वर्ग, ज्यात मागील दोन-तीन इयत्तांतील राहिलेल्या संकल्पना भरून काढायच्या असतात. दुसरा परिचयवर्ग: मराठी माध्यमातून सेमी-इंग्रजीत जाणाऱ्या किंवा दहावीनंतर अकरावी विज्ञानाला प्रवेश घेणाऱ्या मुलांना नव्या माध्यमाची आणि पारिभाषिक शब्दांची सवय लावणारा. तिसरा विस्तारवर्ग, म्हणजे ज्यांचे शालेय काम व्यवस्थित चालले आहे अशांसाठी प्रयोग, कोडी आणि स्पर्धापरीक्षांची तोंडओळख. तिन्ही एकाच वर्गात, एकाच शिक्षकाकडे, एकाच वेळी घेण्याचा मोह अनेक शाळांना होतो आणि तिथेच घडी विसकटते. मनुष्यबळ मर्यादित असेल तर पायाभूत वर्गच घ्यावा, कारण बाकीच्या दोन्हींना थोडेफार पर्याय उपलब्ध असतात. सातवीपर्यंत भागाकार न आलेल्या मुलाला शाळेखेरीज कोणी वाली नसतो.

पाचवी आणि आठवीच्या बाबतीत एक कायदेशीर बाजूही लक्षात ठेवावी लागते. शिक्षण हक्क कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर या दोन इयत्तांना वार्षिक परीक्षेत अनुत्तीर्ण झालेल्या मुलांना जादा मार्गदर्शन देऊन निकालानंतर दोन महिन्यांच्या आत पुनर्परीक्षेची संधी द्यावी, अशी तरतूद आहे, आणि महाराष्ट्रात २०२३-२४ पासून या इयत्तांसाठी अशी वार्षिक परीक्षा सुरू झाली आहे. पुनर्परीक्षेची तयारी हे स्वतंत्र काम आहे. त्याचा अभ्यासक्रम ठरलेला असतो, तारीख ठरलेली असते आणि त्या मुलांवरचे दडपणही वेगळे असते. त्यांची तुकडी पायाभूत वर्गात मिसळू नये. फार तर दोन्ही वर्ग एकाच आवारात, एकाच वेळी भरवावेत.

दुसरी पायरी: परवानगी, शिक्षक आणि पैसा

संस्थाचालक आणि शाळा व्यवस्थापन समिती यांच्यासमोर एका पानाचे टिपण ठेवावे. त्यात हेतू, तारखा, वेळ, इयत्ता, अपेक्षित संख्या, जबाबदार शिक्षकांची नावे आणि खर्चाचा अंदाज असावा. मंजुरी लेखी घ्यावी. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २८ नुसार शिक्षकाला खासगी शिकवणी घेण्यास मनाई आहे. त्यामुळे हा वर्ग शाळेचा अधिकृत उपक्रम आहे हे कागदावर निःसंदिग्धपणे यायला हवे, पालकांकडून काही शुल्क घ्यायचे ठरले तर ते शाळेच्या पावतीनेच घ्यावे आणि शिक्षकाने ते परस्पर स्वीकारू नये. माझ्या मते पायाभूत वर्गाला शुल्क नसावे. अगदीच आवश्यक असेल तर वह्या, झेरॉक्स आणि खाऊ यांपुरते असावे, आणि ज्यांना तेही परवडत नाही त्यांना गाजावाजा न करता सूट द्यावी.

शिक्षकांच्या सुटीचा प्रश्न नाजूक आहे. वर्षभर राबलेल्या शिक्षकाला मे महिन्यात पुन्हा वर्गावर उभे करणे सक्तीने होत नाही आणि तसे करूही नये. प्रत्येक तुकडीला दोन शिक्षक नेमून त्यांच्यात दिवस वाटून द्यावेत, म्हणजे कोणाचीच सुटी पूर्ण वाया जात नाही. जोडीला गणित वा विज्ञान शाखेत शिकणारे माजी विद्यार्थी साहाय्यक म्हणून घ्यावेत. त्यांच्याकडून शिकवण्याची अपेक्षा नाही. मुलांच्या शेजारी बसून त्यांची वही पाहणे एवढेच त्यांचे काम, आणि त्यासाठी गावात राहणारी कॉलेजची मुले-मुली उत्तम असतात. त्यांना मानधन द्यावे. आठवी-नववीच्या मुलींच्या तुकडीत किमान एक शिक्षिका अथवा महिला साहाय्यक असेल याची काळजी घ्यावी.

तिसरी पायरी: तारखा आणि वेळ

उपस्थितीचा सर्वांत मोठा शत्रू गाव आहे. मुंबई-पुण्याच्या शाळांतील निम्मी मुले निकाल लागताच कोकणात किंवा देशावर आजोळी जातात, लग्नसराई असते, आणि ग्रामीण भागात जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पेरणीपूर्व कामांना मोठी मुले शेतावर लागतात. म्हणून तारखा शाळेने मनाने ठरवू नयेत. मार्चमध्ये प्रत्येक मुलाबरोबर एक चिठ्ठी घरी पाठवावी, तीत २ मे ते शाळा सुरू होईपर्यंतचे आठवडे छापावेत आणि ज्या आठवड्यात मूल गावाबाहेर असेल त्यावर फुली मारून आणायला सांगावे. फुल्या मोजल्या की चित्र स्पष्ट होते. शहरी शाळांना बहुधा दोन टप्पे सोयीचे पडतात: निकालानंतर लगेच दहा दिवस आणि शाळा उघडण्याआधी दहा दिवस, मधला काळ पूर्ण मोकळा. ग्रामीण शाळांना मे महिन्यातील सलग वीस दिवस बरे पडतात. दोन टप्प्यांचा एक अप्रत्यक्ष फायदा असा की पहिल्या टप्प्यात शिकवलेले तीन आठवड्यांनी किती उरले आहे, हे आपोआप कळते.

वेळ सकाळचीच ठेवावी. सव्वासात ते पावणेदहा अशी अडीच तासांची वेळ सोयीची पडते. विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशात ती आणखी पंधरा मिनिटे अलीकडे घ्यावी, म्हणजे दहाच्या आत मूल घरी पोचते. मैदानी भागात तापमान ४० अंश सेल्सिअस आणि किनारपट्टीवर ३७ अंश हा हवामान विभागाच्या उष्णतेच्या लाटेच्या निकषातील किमान उंबरठा आहे. लाटेचा इशारा आला त्या दिवशी वर्ग बिनदिक्कत रद्द करावा आणि तसे व्हॉट्सॲप गटावर आदल्या संध्याकाळीच कळवावे. खोल्या तळमजल्यावरच्या, शक्यतो पत्र्याच्या छपराखाली नसलेल्या निवडाव्यात. पाण्याचे माठ आदल्या संध्याकाळी भरून ठेवण्याची जबाबदारी नावानिशी एका माणसावर टाकावी, कारण सुटीत शिपाईही रजेवर असतात आणि पाणी कोणी भरायचे हा प्रश्न पहिल्याच सकाळी उभा राहतो.

वीस दिवस, रोज अडीच तास, म्हणजे एकूण ५० तास. मधली सुटी वजा जाता ४५. एवढ्यात दोन विषय नीट होतात, तिसरा विषय घेतला की तिन्ही वरवरचे होतात. गणित आणि भाषा, किंवा गणित आणि विज्ञान, अशी जोडी करावी.

चौथी पायरी: पायाभूत चाचणी

सगळ्या उपक्रमाचा कणा ही चाचणी आहे, म्हणून तिच्याविषयी जरा विस्ताराने सांगतो. वार्षिक परीक्षेचे गुण येथे फारसे कामाचे नाहीत. सातवीत ४८ टक्के मिळवणाऱ्या मुलाचे नेमके काय अडते हे त्या आकड्यावरून कळत नाही. चाचणी मुलाच्या इयत्तेची नसावी. ती दोन ते चार इयत्ता मागून सुरू व्हावी आणि क्रमाने वर चढत जावी. प्रश्न पंधरा-वीसच असावेत, वेळेचे बंधन सैल असावे आणि कच्चे काम त्याच कागदावर करायला लावावे, कारण आपल्याला उत्तर तपासायचे नसून चूक वाचायची आहे.

प्रत्येक प्रश्न एखादा विशिष्ट गैरसमज उघडा पाडण्यासाठी निवडावा. काही नमुने असे. ८१६ ÷ ८ हा भागाकार द्यावा. १०२ ऐवजी १२ लिहिणाऱ्या मुलाला भागाकाराची पद्धत पाठ आहे, पण भागाकारात शून्य केव्हा लिहायचा हे, आणि पर्यायाने स्थानिक किंमत, कळलेली नाही. ०.५ आणि ०.३५ यांत मोठी संख्या कोणती, असे विचारावे, ०.३५ म्हणणारे मूल दशांश चिन्हापुढील अंक पूर्ण संख्येसारखे वाचते आहे. १/२ + १/३ ची बेरीज २/५ करणारा अंशात अंश आणि छेदात छेद मिळवतो. −३ − ५ चे उत्तर ८ लिहिणाऱ्याच्या डोक्यात ‘वजा वजा अधिक’ हा गुणाकाराचा नियम बेरीज-वजाबाकीत घुसलेला असतो, तर २ लिहिणाऱ्याला संख्यारेषेवर कोणत्या दिशेने जायचे हेच ठाऊक नसते. उत्तरे दोन्ही चुकीची असली तरी इलाज वेगळे आहेत. ३अ + २ब = ५अब लिहिणाऱ्याला सजातीय पदांची कल्पना नाही, आणि (अ + ब)² = अ² + ब² लिहिणाऱ्याला वर्ग म्हणजे राशीने त्याच राशीला गुणणे, हे सूत्र पाठ करण्याच्या नादात दिसलेले नाही.

भाषेसाठी लेखी चाचणीपेक्षा ऐकणे महत्त्वाचे. पाचवीच्या पाठ्यपुस्तकातील, मुलाने न वाचलेला एखादा उतारा मोठ्याने वाचून घ्यावा आणि त्यावर दोन प्रश्न तोंडी विचारावेत; मग तसाच एक सोपा इंग्रजी उतारा. एका मुलाला पाच मिनिटे पुरतात. याच पाच मिनिटांत गणिताचा एक चुकलेला प्रश्न समोर ठेवून, “हे तू कसं केलंस, मला सांग,” असे विचारावे आणि मूल बोलत असताना मध्ये दुरुस्ती करू नये. साठ मुलांना पाच तास लागतात. तिघांनी वाटून घेतले तर एका सकाळचे काम आहे. हा वेळ वाचवण्यासारखा नाही.

वरच्या इयत्तांतील मुलांना इतके मागचे विचारणे अपमानास्पद वाटेल अशी शंका काही शिक्षक घेतात. परिस्थिती मात्र वेगळे सांगते. ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या स्थितीच्या पाहणीच्या २०२३ च्या अहवालात, देशातील निवडक ग्रामीण जिल्ह्यांतील १४ ते १८ वयोगटाच्या मुलांपैकी तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे सुमारे ४३ टक्क्यांनाच जमल्याचे नोंदले आहे. नववीच्या वर्गात भागाकार तपासणे त्यामुळे मुळीच अस्थानी नाही.

पाचवी पायरी: तुकड्या इयत्तेनुसार पाडू नका

चाचणीचे कागद टेबलावर मांडून चुकांच्या प्रकारानुसार त्यांचे गठ्ठे करावेत. त्या गठ्ठ्यांतून तुकड्या तयार होतात. मुलांना वयानुसार वा इयत्तेनुसार न बसवता त्यांना सध्या काय येते त्यानुसार बसवण्याची पद्धत ‘प्रथम’ या संस्थेने प्राथमिक स्तरावर देशभर वापरली आहे, आणि तिचा तर्क माध्यमिक स्तरालाही लागू पडतो. एका तुकडीत २० ते २५ मुले, त्याहून अधिक नकोत. गणितातील आणि भाषेतील तुकड्या वेगळ्या असू शकतात. गणितात मागे असलेली मुलगी वाचनात सर्वांच्या पुढे असते, आणि तिला ते तिथे दिसणे फार गरजेचे असते.

यातील खरी अडचण मानसिक आहे. नववीचा मुलगा सातवीच्या मुलाशेजारी बसायला तयार होत नाही. म्हणून सहावी-सातवीची आणि आठवी-नववीची मुले शक्यतो एकत्र करू नयेत, लगतच्या दोनच इयत्ता जोडाव्यात. तुकड्यांना अ, ब, क अशी क्रमवाचक नावे देऊ नयेत. खोलीच्या क्रमांकाने ओळखाव्यात. आणि कोणत्याही परिस्थितीत शिक्षकांच्या तोंडून, खोलीबाहेर गप्पा मारतानासुद्धा, ‘ढ तुकडी’ हा शब्द निघू नये; तो मुलांपर्यंत त्याच दिवशी पोचतो आणि दुसऱ्या दिवशी बाक रिकामे दिसतात.

सहावी पायरी: काय शिकवायचे

पाठ्यपुस्तकातील प्रकरणांच्या क्रमाने जाऊ नये. पुढील वर्षी कोणत्या प्रकरणात मूल अडखळणार आहे ते पाहावे आणि तिथून मागे यावे. बालभारतीची सर्व इयत्तांची पुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात, त्यामुळे पाचवीपासून दहावीपर्यंतची गणिताची पुस्तके शेजारी ठेवून हा माग काढणे एका दुपारचे काम आहे.

दहावीत जाणाऱ्यांचे उदाहरण घेऊ. क्ष² − ७क्ष + १२ = ० हे समीकरण अवयव पाडून सोडवायचे तर (क्ष − ३)(क्ष − ४) पर्यंत पोचावे लागते. त्यासाठी १२ च्या अवयवांच्या जोड्या सुचल्या पाहिजेत, त्यांतून ज्यांची बेरीज ७ येते ती ३ व ४ ही जोडी ओळखता आली पाहिजे, आणि गुणाकार धन पण बेरीज ऋण आहे म्हणजे दोन्ही संख्या ऋणच असणार हा निष्कर्ष काढता आला पाहिजे. पहिली गोष्ट पाचवी-सहावीची, दुसरी तोंडी हिशेबाच्या सरावाची आणि तिसरी पूर्णांकांची. बहुतेक मुले तिसऱ्या ठिकाणी घसरतात आणि (क्ष + ३)(क्ष + ४) लिहून मोकळी होतात. अशा वेळी वर्गसमीकरणाची आणखी वीस उदाहरणे सोडवून घेण्यात अर्थ नाही. तीन दिवस निव्वळ पूर्णांकांना द्यावेत: जमिनीवर खडूने संख्यारेषा आखून मुलांना तिच्यावर चालायला लावावे, बेरीज-वजाबाकी आणि गुणाकार यांचे नियम वेगवेगळ्या दिवशी घ्यावेत, आणि नंतरच राशींकडे वळावे.

भूमितीत दहावीचे समरूपतेचे प्रकरण नववीच्या गुणोत्तर-प्रमाणावर, समांतर रेषांच्या कोनांवर आणि त्रिकोणांच्या एकरूपतेवर उभे आहे. त्रिकोणमितीही शेवटी समरूप त्रिकोणांतील बाजूंच्या गुणोत्तरांवरच उभी राहते. म्हणून नववी पार केलेल्यांसाठी गुणोत्तर आणि प्रमाण हा एकच विषय आठवडाभर वेगवेगळ्या अंगांनी घेतला, तरी तो वाया जात नाही. आठवीत जाणाऱ्यांसाठी अपूर्णांक, दशांश आणि पूर्णांक. नववीत जाणाऱ्यांसाठी विस्तारसूत्रे, अवयव आणि एकचल समीकरणे. याहून मोठी यादी करू नये.

विज्ञानात सूत्रे पाठ करून घेण्याऐवजी हाताने करण्याच्या गोष्टी घ्याव्यात, कारण शाळेच्या नियमित वेळापत्रकात त्यांनाच कात्री लागते. दहावीच्या पुस्तकात भिंगांचे प्रकरण आहे. सकाळच्या उजेडात वर्गाच्या खिडकीसमोरच्या भिंतीजवळ एक बहिर्वक्र भिंग धरावे, त्यामागे पांढरा कागद पुढेमागे सरकवावा, आणि बाहेरच्या दूरच्या झाडाची लहानशी, उलटी, रंगीत प्रतिमा कागदावर स्पष्ट उमटली की भिंग व कागद यांतील अंतर फूटपट्टीने मोजावे. तेच भिंगाचे नाभीय अंतर. प्रत्येक गटाला वेगळे भिंग दिले तर आकडे वेगळे येतात, जाड भिंगाचे कमी आणि पातळ भिंगाचे जास्त का, यावर मुले स्वतःहून भांडू लागतात. भिंगातून सूर्याकडे कधीही पाहू नये, ही ताकीद आधी द्यावी. रसायनशास्त्रात समीकरणे संतुलित करता येत नसतील तर दोष बहुधा आठवी-नववीतील संयुजा आणि रेणुसूत्रे यांत असतो. तिथूनच सुरुवात करावी.

भाषेसाठी फार काही लागत नाही. रोज वीस मिनिटे शांत वाचन, ग्रंथालयातील मुलाने स्वतः निवडलेल्या पुस्तकाचे, आणि त्यावर पाच-सहा वाक्यांचा स्वतःच्या शब्दांतला परिच्छेद. इंग्रजीत मोठ्याने वाचन आणि रोजच्या पाच वाक्यांचे श्रुतलेखन. व्याकरणाचे तक्ते या वीस दिवसांत बाजूला ठेवावेत.

सातवी पायरी: एक दिवस कसा जातो

पहिली दहा मिनिटे तोंडी हिशेब, बसून नव्हे तर उभ्याने, सगळ्यांनी मिळून. त्यानंतर सत्तर मिनिटे गणित, त्यातील निम्मी शिक्षकाची आणि निम्मी मुलांची. दुसऱ्या अर्ध्यात शिक्षकाने फळ्याजवळ थांबू नये, बाकांमधून फिरावे. मग पंधरा मिनिटे सुटी, पाणी आणि काहीतरी खाऊ, शेंगदाण्याची चिक्की किंवा राजगिऱ्याचा लाडू. सातला घरून निघालेली बरीच मुले फक्त चहा पिऊन आलेली असतात. नंतर पंचेचाळीस मिनिटे दुसरा विषय. शेवटची दहा मिनिटे चिठ्ठीची: त्या दिवशी शिकवलेल्यापैकी एकच उदाहरण प्रत्येकाने कागदाच्या तुकड्यावर सोडवून, नाव घालून, बाहेर पडताना शिक्षकाच्या हातात द्यायचे. या पंचवीस चिठ्ठ्या वाचायला दहा मिनिटे लागतात आणि उद्या काय घ्यायचे ते त्यांतून ठरते. गृहपाठ वीस मिनिटांपेक्षा अधिक देऊ नये, नाही दिला तरी चालतो.

शिकवण्याची रीत नियम सांगण्याची नसून विसंगती दाखवण्याची असावी. अपूर्णांकांच्या बेरजेचा तास साधारण असा जातो:

“अर्धी भाकरी खाल्ली, वर आणखी एक तृतीयांश खाल्ली. मिळून अर्धीपेक्षा जास्त झाली की कमी?”

“जास्त, बाई.”

“तुझं उत्तर किती आलंय?”

“दोन पंचमांश.”

“पाच तुकड्यांतले दोन. ते अर्ध्यापेक्षा जास्त आहेत का?”

येथे मूल थांबते, आणि त्याला थांबू द्यावे. घाईने लसावि सांगून टाकू नये. मग जुन्या वर्तमानपत्राच्या सारख्या लांबीच्या दोन पट्ट्या द्याव्यात. एकीची घडी दोन भागांत, दुसरीची तीन भागांत. दोन्ही पट्ट्यांवर सारख्याच मापाचे तुकडे पडावेत यासाठी किती भाग करावे लागतील, हे घड्या घालून पाहता पाहता बहुतेक मुले सहापर्यंत येतात, आणि तीन अधिक दोन म्हणजे पाच षष्ठांश हे त्यांना समोर दिसते. छेद समान का करायचा, हा प्रश्न त्यानंतर उरत नाही. या एका गोष्टीला पूर्ण तास जातो. जाऊ द्यावा.

विस्तारवर्ग घ्यायचाच असेल, तर त्याला निश्चित लक्ष्य असावे. आठवीत जाणाऱ्यांसाठी राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा आहे. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाख रुपयांच्या आत असलेल्या निवडक मुलांना नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात, आणि तिच्या बौद्धिक क्षमता चाचणीतील प्रश्नप्रकारांची ओळख उन्हाळ्यात सहज करून देता येते. सहावी आणि नववीत जाणाऱ्यांसाठी मुंबई विज्ञान अध्यापक मंडळाची डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा आहे, जिच्यात लेखी परीक्षेनंतर प्रात्यक्षिक आणि प्रकल्प यांनाही महत्त्व असते. राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा मात्र २०२१ नंतर झालेली नाही, तरी तिच्या नावाने अजून जाहिराती दिसतात.

आठवी पायरी: पालक

वर्ग सुरू होण्याआधी एक सभा, संपल्यावर एक. पहिल्या सभेत मुलाचे गुण वाचून दाखवू नयेत. आपण मागच्या इयत्तांचे का शिकवणार आहोत हे फळ्यावर वरचेच वर्गसमीकरणाचे उदाहरण घेऊन समजावून सांगावे, अन्यथा चौथ्या दिवशी कोणीतरी वडील येऊन, “दहावीचं पुस्तक कधी उघडणार, सर?” असे विचारतातच. त्यांची काळजी रास्त असते. शेजारचा मुलगा व्हेकेशन बॅचमध्ये तीन प्रकरणे संपवून बसलेला असतो.

अशा बॅचमध्ये पैसे भरण्याचा विचार करणाऱ्या पालकांनी तीन गोष्टी विचाराव्यात: प्रवेशाआधी मुलाला काय येते हे पाहिले जाते का, एका वर्गात किती मुले बसतात, आणि मेमध्ये शिकवलेले जून-जुलैत पुन्हा घेतले जाते का. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेल, तर मेमध्ये घाई कशासाठी, हा चौथा प्रश्न आपोआप येतो. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग केंद्रांसाठी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत सोळा वर्षांखालील मुलांना प्रवेश देऊ नये असे म्हटले आहे, हेही माहीत असावे.

दोन टप्प्यांच्या मधल्या काळात गावी जाणाऱ्या मुलांबरोबर वह्यांचे ओझे पाठवू नये. आजोबांना विचारून जमिनीची मापे लिहून आणणे, लग्नातल्या स्वयंपाकाचा हिशेब मांडणे, एसटीच्या तिकिटावरून दर किलोमीटरला किती पैसे पडले ते काढणे, असे एखादे काम पुरेसे आहे.

नववी पायरी: शेवटची चाचणी आणि जूनमधले हस्तांतर

विसाव्या दिवशी पहिलीच चाचणी, फक्त आकडे बदलून, पुन्हा द्यावी. तिच्या निकालाचे तक्ते लावू नयेत, बक्षिसे वाटू नयेत. प्रत्येक मुलाचे दोन्ही कागद शेजारी ठेवून कोणती चूक गेली आणि कोणती राहिली एवढेच पाहावे, आणि ते मुलाला स्वतःलाही दाखवावे.

अनेक चांगले उन्हाळी वर्ग वाया जातात ते यापुढच्या टप्प्यावर. वर्ग घेणारे शिक्षक वेगळे, जूनमध्ये त्या मुलाला शिकवणारे वेगळे, आणि पहिल्याला कळलेले दुसऱ्यापर्यंत पोचत नाही. त्यासाठी प्रत्येक मुलाचे अर्ध्या पानाचे टिपण तयार करावे. त्यात शेरे नकोत, ‘प्रगती समाधानकारक’ अजिबात नको. ‘भागाकारात मधला शून्य आता लिहितो. समच्छेद करतो, पण मिश्र अपूर्णांक आले की गोंधळतो. वजाबाकीत चिन्ह अजून चुकते, संख्यारेषा काढायला सांगितली की स्वतः दुरुस्त करतो,’ अशा स्वरूपाची तीन-चार वाक्ये हवीत. ही टिपणे शाळा सुरू झाल्याच्या पहिल्या आठवड्यात नव्या वर्गशिक्षकाच्या आणि विषयशिक्षकाच्या हातात, मुख्याध्यापकांच्या उपस्थितीत, अर्ध्या तासाच्या बैठकीत द्यावीत. कपाटात ठेवू नयेत.

जुलैअखेर, पहिली घटक चाचणी येण्याआधी, याच मुलांकडून प्रत्येकाच्या टिपणातील अडलेल्या मुद्द्यावरची चार-पाच उदाहरणे तोंडी अथवा लेखी सोडवून घ्यावीत. ज्यांची जुनी चूक परत आलेली दिसेल, त्यांच्यासाठी आठवड्यातून दोन दिवस शाळा भरण्यापूर्वी अर्ध्या तासाचा जादा तास ठेवावा, आणि तो शक्यतो उन्हाळ्यात त्यांना शिकवलेल्या शिक्षकाकडेच द्यावा.